तारखेसाठी अठरा वेळा बटण : जुना डिजिटल कॅमेरा, आठ महिन्यांनंतर

परवा रविवारी सकाळी कॅमेऱ्याचे सेल चार्जिंगला काढले, रात्री जेवणं झाल्यावर परत घातले आणि बटण दाबलं. लेन्स बाहेर आली, स्क्रीन उजळली, कोपऱ्यात बरोबर तारीख. हा दिवस बघायला मला आठ महिने आणि ३८० रुपये लागले. सेल आणि चार्जर त्यात धरलेले नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा.

मॉडेलचं नाव लिहीत नाही. लिहिलं की चार जण शोधायला लागतात, आठ दिवसांत जुन्या मालाचा दर हजाराने चढतो, आणि मला अजून एक बॅटरीचं झाकण घ्यायचंय. ज्यांनी २००६-०७ च्या सुमाराला कॅमेरा घेतला त्यांना वर्णनावरून कळेलच: सात मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल, एसडी कार्ड, वर डोळा लावून बघायची बारकी खिडकी. एकेकाळी प्रत्येक बारशाला असला एक तरी हजर असायचा. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले होते. पुढे मोबाईलने सगळं गिळलं आणि हे बिचारे माळ्यावर गेले.

आमचाही गेला होता. २००७ च्या दिवाळीत बोनसमधून घेतलेला. गेल्या दिवाळीच्या आधी कन्या म्हणाली, "पप्पा, मला डिजिकॅम पाहिजे, ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आहे." ऑनलाइन बघितला तर जुना, ओरखडे पडलेला, साडेसहा हजार. मी म्हटलं, साडेसहा हजार कशाला, तसलाच वर पडलाय की. स्टूल लावलं, गाद्यांच्या मागून पिशवी काढली. आत कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या आत २०१२ पासून विसरलेले दोन सेल. फुटून पांढरट हिरवा थर जमलेला.

तो थर काढायला काही विकत घ्यायला लागत नाही. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कलीच, म्हणजे आम्लाच्या उलटं, म्हणून लिंबू चालतं. कान कोरायच्या काडीला कापूस, कापसाला दोन थेंब लिंबाचा रस, मग कोरड्या काडीने पुसायचं आणि शेवटी पत्र्याच्या पट्ट्यांवर खोडरबर घासायचं. रस टपकेल इतका घेऊ नका. पाऊण तासात काम झालं आणि कॅमेरा चालू झाला. बायको म्हणाली, "अहो, एवढा वेळ घरातल्या मिक्सरला दिला असता तर?" तो विषय इथे नको.

सेलचं थोडक्यात सांगतो. किराणा दुकानात मिळणारे दहा-पंधरा रुपयांचे, भिंतीवरच्या घड्याळाला चालणारे सेल याला चालत नाहीत. लेन्स अर्धी बाहेर येते आणि कॅमेरा मान टाकतो. अल्कलाइन घातले तर फ्लॅशसकट चाळीसेक फोटो. शेवटी चार रिचार्जेबल आणि चार्जर असे ११५० रुपयांना घेतले, निकेल मेटल हायड्राइडचे. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि अल्कलाइनवर १.५, म्हणून मला वाटलं होतं हे कमी चालतील. उलटं आहे. कॅमेरा एका दमात जास्त करंट ओढतो, तेव्हा अल्कलाइनचा व्होल्टेज खाली बसतो, यांचा टिकून राहतो. एका चार्जिंगमध्ये अडीचशेच्या पुढे फोटो होतात. घेताना 'लो सेल्फ डिस्चार्ज' बघून घ्या. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल काढले तेव्हापासून ही जात आली, नुसते ठेवले तरी महिनाभरात रिकामे होत नाहीत.

आणि हे चांगले सेल घेतल्यावरच माझा खरा त्रास सुरू झाला.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. बिनतारखेचं व्हाऊचर मी आजवर मालकाच्या मेव्हण्याचंसुद्धा पास केलेलं नाही. आणि हा कॅमेरा असा, की सेल काढले रे काढले की थेट १ जानेवारी २००७ ला जाऊन बसतो. अल्कलाइन असताना हे ध्यानात आलं नाही, कारण ते संपेपर्यंत आतच असायचे. रिचार्जेबल आठवड्याला निघतात. निघाले की तारीख गेली. परत घातले की स्क्रीनवर विचारणा: तारीख आणि वेळ लावा. वर्ष २००७ वरून २०२४ वर न्यायला वरचं बटण सतरा वेळा. मग महिना, मग दिवस, तास, मिनिट. दाबून धरलं तर भर्रकन पुढे जातं आणि २०२९ वर थांबतं, मग उलटं यायचं. जानेवारी लागला आणि सतराचे अठरा झाले. दर नव्या वर्षाला एक वाढणार. वरच्या बटणाची खूण आत्ताच पुसट झालीये.

लोक म्हणतील, तारखेचं एवढं काय? फोटो तर येतात. त्यांनी मोबाईलची गॅलरी उघडून बघावी. फोटो कार्डवरून मोबाईलवर घेतला की तो फाइलमधली तारीख वाचून रांगेत बसतो. व्हॉट्सअॅपवर पाठवला तर ती माहिती गळून पडते, म्हणून पाहुण्यांना काही कळत नाही. पण माझ्या गॅलरीत मेव्हण्याच्या धाकट्याचा पाचवा वाढदिवस २००७ मध्ये आहे. मेव्हण्याचं लग्न २००९ ला झालं. त्याला दाखवलं तर म्हणतो, "दाजी, हे तुमच्या बहिणीला दाखवू नका." माझी बहीणच त्याला दिलीये, साटंलोटं आहे आमचं.

सगळ्यात वाईट गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला झालं. १३ जानेवारीला अक्षता सोहळा, सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न. सकाळी घाईत सेल बदलले, गर्दीत शिरलो, आणि अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्याच्या अलीकडे कॅमेऱ्याने तारीख विचारली. पुढे सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्या, येताहेत, चहूबाजूंनी बाराबंदी घातलेली माणसं, पाठीमागून रेटा, आणि मी अठरा वेळा बटण दाबू? मेनू दाबून पुढे गेलो. त्या दिवशीचे ९६ फोटो आजही मूळ कार्डवर १ जानेवारी २००७, मध्यरात्री १२ वाजून ४ मिनिटांपासून पुढे असे आहेत. मध्यरात्री बारा चारला भर उन्हात नंदीध्वज.

फोटो मात्र, खरं सांगतो, सुंदर आले. पांढऱ्या बाराबंदीवर दुपारचं ऊन पडलं की कापडाची घडी जळून नुसता पांढरा डाग येतो. मोबाईल ते आपोआप सांभाळतो, यात आपल्याला सांभाळावं लागतं: एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे दोन तृतीयांश केलं की घडी दिसते, आणि चेहरे थोडे काळवंडतात. मला चालतं. आपण उन्हात तसेच दिसतो. त्याच आठवड्यात होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम एका स्नेह्याच्या गच्चीवरून काढलं. ट्रायपॉड घेणं माझ्याच्याने झालं नाही. किलोभर ज्वारी कापडी पिशवीत भरली, कठड्यावर ठेवली, त्यात कॅमेरा रुतवला, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८० आणि शटर दोन सेकंद उघडा. दहा सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा धक्का बसत नाही. एकेक फूल पाकळीसकट आलंय. ज्वारी घरी आणून परत डब्यात ओतली.

एक मात्र झालं. मैदानावरचे मोठे दिवे चौकटीत आले की स्क्रीनवर दिव्यातून वर-खाली जांभळी रेघ उभी राहते. कन्या घाबरली, म्हणे बिघडला. बिघडलेला नाही. हा सीसीडी सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या जुन्या धाटणीच्या चिपचा, स्वभाव आहे, फार उजेड पडला की रकान्यात सांडतो. फोटो काढताना आतला यांत्रिक शटर मिटतो, म्हणून फोटोत ती रेघ येत नाही. व्हिडिओत येते. व्हिडिओ तसाही ६४० बाय ४८० चा, सोडून द्या.

सीसीडीवरून आठवलं. हल्ली जो उठतो तो 'सीसीडीचा रंग' म्हणून गहिवरतो. मला त्यात जादू दिसली नाही. मोबाईल एका दाबात आठ-दहा फोटो काढून, घोटून, गुळगुळीत करून देतो. हा एकच काढतो आणि जसा असेल तसा हातात ठेवतो. फरक आहे तो तिथे. फ्लॅशही खरा झेनॉनचा आहे, मोबाईलसारखा मिणमिणता दिवा नाही. तीन मीटरच्या आतली माणसं जागच्या जागी थिजतात, मागे काळोख. कन्येच्या मैत्रिणींना तेच पाहिजे असतं. आम्ही २००७ मध्ये त्याच फोटोंना 'भुतासारखे आले' म्हणायचो.

पण कारखान्यात या कॅमेऱ्याने मला गार केलं. गिऱ्हाइकाला टॉवेलच्या नमुन्याचे फोटो पाठवायचे असतात. मोबाईलवर मरून रंग लालभडक होतो आणि टेरीचे फासे, म्हणजे टॉवेलवरची ती धाग्याची बारीक उभी वेटोळी, मोबाईल पुसून टाकतो. टॉवेल मेणाचा वाटतो. एक दिवस सहज हा कॅमेरा नेला. यात व्हाइट बॅलन्स हाताने लावता येतो: पांढऱ्या वस्तूवर रोखायचं, बटण दाबायचं, ती वस्तू पांढरी असं कॅमेरा मानून चालतो. पांढरा टॉवेल समोरच होता, त्यावर लावला. सगळे फोटो पिवळट. तीनदा केलं, तीनदा पिवळट. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या आणि डाइंग मास्तरांना, म्हणजे कापड रंगवायचं खातं बघणाऱ्यांना, दाखवायला गेलो. ते हसले. "त्या टॉवेलला ब्राइटनर मारलाय ओ. उन्हात तो निळं फेकतो. कॅमेरा निळं कापतो, मग सगळं पिवळं होणारच की." ब्राइटनर म्हणजे कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून लावतात ते रसायन. मग मला ब्लीच झालेला, पण ब्राइटनर न लावलेला कापडाचा तुकडा दिला. त्यावर लावलं आणि मरूनचा मरून आला. त्याच मरून धाग्याचा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, शेजारी ठेवून स्क्रीनवर बघितला, मास्तर म्हणाले, "जवळ आहे." ते कधी कुणाला 'बरोबर आहे' म्हणत नाहीत. तो वीतभर तुकडा आता कॅमेऱ्याच्या पिशवीत असतो.

म्हणजे कॅमेरा चांगला, आणि तारीख खोटी. नमुन्याच्या फोटोवर २००७. मला रात्री झोप लागेना.

नोव्हेंबरातच मी तो शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. दोन दिवसांनी गेलो.

"बोर्ड गेलाय."

"फोटो तर नीट येताहेत की ओ."

"फोटो येतात, पण टायमिंगचा भाग गेलाय. पुण्याला पाठवावं लागतंय. अठराशे होतील, गॅरंटी नाही."

मी म्हटलं, द्या परत. तर म्हणे तपासणीचे तीनशे. काय तपासलं विचारलं, तर खोलून बघितलं म्हणे. खोलायला मी सांगितलं नव्हतं. अर्धा तास उभ्याने वाद घातला आणि दीडशेवर मिटलं. त्याची पावती मी घेतलीच. घरी येऊन कॅमेरा उलटा केला तर खालच्या चार स्क्रूंपैकी तीन काळे आणि एक चांदीसारखा, डोकं जरा मोठं. परत गेलो. "आधीपासून तसंच होतं." पुरावा माझ्याकडे नव्हता. ज्याने घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले त्याचा स्वतःचा एकही फोटो नाही. तो स्क्रू अजून तसाच आहे, टेबलावर ठेवला की कॅमेरा किंचित डुलतो.

मग मी तारखेचं काम कॉम्प्युटरवर नेलं. गुगल फोटोजमध्ये बरेच फोटो एकदम निवडून तारीख पुढे सरकवता येते. ३१२ फोटो दोन संध्याकाळी बसून लावले. त्यात एक घोळ निघाला. कॅमेऱ्यात जुनं एक जीबीचं कार्ड होतं, त्यावरचे फोटोही मी सोबतच चढवले होते. म्हणजे काही २००७ चे फोटो खरोखरच २००७ चे. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचताहेत, आणि बाजूच्या चौकटीत कन्या कॉलेजची बॅग अडकवून जिभा काढतेय. अण्णा २०११ ला गेले, तेव्हा ही पाच वर्षांची होती. बायको म्हणाली, "हे दोन राहू द्या शेजारी." मी कन्येचा फोटो नोव्हेंबर २०२४ ला नेला. रात्री उठून परत आणला. तेवढी एक नोंद चुकीची आहे, मला माहीत आहे.

इथपर्यंतचा बराचसा मजकूर मी फेब्रुवारीतच लिहून ठेवला होता, आणि शेवटी वाक्य होतं, 'असा कॅमेरा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.' ते खोडलं, कारण मधे मनगटी घड्याळ बंद पडलं.

टिळक चौकाजवळ एक म्हातारे घड्याळवाले बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. घड्याळाचा सेल बदलून घेताना सहज माझं रडगाणं गायलं. चाचांनी वर बघितलंसुद्धा नाही. "घड्याळ थांबतंय म्हणजे सेल गेला. घड्याळ हातात असू दे नाहीतर कॅमेऱ्यात." दुसऱ्या दिवशी कॅमेरा नेला. डोळ्याला भिंग लावलं, बॅटरीचं झाकण उघडलं आणि सेलच्या खोबणीच्या कडेला नखाएवढी एक पट्टी चिमट्याने ओढली. आतून शर्टाच्या बटणाएवढा सेल बाहेर आला. अठरा वर्षं तो तिथे होता आणि मला पत्ता नाही. मोठे सेल बाहेर असताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. तो मेला होता. बोर्ड, पुणे, अठराशे!

सेलवर लिहिलं होतं सीआर१२२०. चाचांनी सांगितलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा: पहिले दोन आकडे रुंदी, साधारण १२ मिलिमीटर, पुढचे दोन जाडी, २० म्हणजे २.० मिलिमीटर. वजनकाट्यात आणि रिमोटमध्ये असतो तो २०३२ याहून बराच मोठा. आणि मनगटी घड्याळाचे बहुतेक सेल दीड व्होल्टचे, हा तीनचा, म्हणून नुसतं मापाने बसला तरी घालायचा नाही. चाचांकडे १२२० नव्हता, १२१६ होता. रुंदी तीच, जाडी ०.४ ने कमी. त्यांनी चॉकलेटची चांदी चार पदरी दुमडून वर ठेवली आणि पट्टी सरकवली. पन्नास रुपये. तारीख लावली, मोठे सेल काढले, परत घातले. तारीख जागेवर. मी चाचांना चहा पाजला.

पाच आठवडे सुखाचे गेले. मग मार्चअखेर एका रविवारी गाडीवर नान्नजला गेलो, माळढोक अभयारण्याच्या बाजूला. माळढोक दिसायचं नशीब नव्हतंच, काळवीट दिसले. चारपट झूममध्ये काळवीट म्हणजे गवतातली मुंगी. ते असो. घरी आल्यावर बघतो तर निम्मे फोटो मार्च २०२५ आणि निम्मे १ जानेवारी २००७. तिथे सेलची जोडी बदलली होती, आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी चांदीचा पदर हलला होता.

मग गपचूप पाच सेलची पट्टी ऑनलाइन मागवली, खरे १२२०, १८० रुपये. एकच पाहिजे होता, पण एकटा कुणी देईना. एक आत बसवला, घट्ट बसला, चांदी काढून टाकली.

तेव्हापासून एप्रिल, मे गेला. सोलापूरचा उन्हाळा, पारा बेचाळीसच्या वर, दुपारी स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो, दुसरं काही नाही. तिथे वरची बारकी खिडकी कामाला येते. स्क्रीन बंद ठेवून डोळा लावायचा, सेलही वाचतात. फक्त त्या खिडकीतून दिसतं त्याहून फोटोत जास्त येतं आणि जवळच्या वस्तूला चौकट सरकते, एवढं धरून चालायचं. कडक भाकरीच्या चळतीचा फोटो काढला तर वरच्या दोन भाकऱ्या कापल्या गेल्या.

बाकी उणिवा पटापट सांगतो. आयएसओ ४०० च्या पुढे फोटोवर शेंगा चटणी भुरभुरल्यासारखे दाणे. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच, एसडीएचसी. कन्येने ६४ चं मागवलं होतं, ओळखलंच नाही, परत पाठवलं. मी तर जुन्या मोबाईलमधलं ४ जीबीचं अॅडॉप्टरमध्ये घालून वापरतो, बाराशेवर फोटो मावतात, आणखी काय पाहिजे. बॅटरीच्या झाकणाची आकडी अर्धी तुटलीये. ती मेव्हण्याने स्वतःच्या लग्नात कॅमेरा पाडला तेव्हाची. त्याला रबर लावलंय. विकत घेताना बाकी काही बघा न बघा, झाकण लागतंय का आणि तारीख टिकते का हे दुकानातच सेल काढून बघा. तारीख गेली तर पाचशे रुपये कमी करून मागा आणि शंभर-दोनशेत सेल घालून घ्या.

आणि कन्या? तिने कॅमेरा तीन आठवडे वापरला. आता म्हणते, "पप्पा, तुम्हीच वापरा, तुम्हाला जास्त आवडतो."

उरलेले चार सेल पट्टीसकट देवघराच्या खणात ठेवलेत. पहिला अठरा वर्षं बसून होता, त्या हिशेबाने माझा साठा बरीच वर्षं पुरतो. फक्त परवा तारीख बघून खूश झालो ना, तेव्हा वेळही बघितली. भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन मिनिटं पुढे. एप्रिलमध्ये लावताना मी सेकंदाला सेकंद मिळवून लावली होती. चाचांकडे जाऊन येतो.